कारखान्यातील अग्निशामक सिलिंडर कसा वापरावा?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत आमचा लेथकामाचा छोटा कारखाना आहे. गेल्या आठवड्यात वेल्डिंगची ठिणगी तेलकट चिंध्यांवर पडली. एका मुलाने धावत जाऊन सिलिंडर आणला, पण पिन न काढताच तो दांडा दाबत राहिला. शेवटी आग वाळूने विझली. एबीसी पावडर आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन सिलिंडर आमच्याकडे आहेत. कोणता कोठे वापरावा?

उत्तर १: चिंध्या, लाकूड आणि तेलासाठी पावडर घ्यावी, विजेच्या पॅनेलसाठी कार्बन डायऑक्साइड, तोही शक्य असल्यास मुख्य स्विच बंद करूनच. या सिलिंडरचा काळा भोंगा उघड्या हाताने धरू नये, कारण वायू सुटताना तो इतका गार पडतो की कातडीला इजा होते. कोंदट खोलीत या वायूने जीव गुदमरतो, म्हणून फवारताच बाहेर पडावे. मॅग्नेशियमच्या चुऱ्यावर मात्र यांपैकी काहीही मारू नये. त्याला पूर्ण कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास पावडर हवी.

उत्तर २: दार पाठीशी ठेवून दोन-तीन मीटरांवर उभे राहावे, पिन ओढावी आणि ज्वाळांच्या शेंड्यावर नव्हे, बुडाशी फवारा फिरवावा. सिलिंडर काही सेकंदांतच रिता होतो, त्यामुळे आग पसरली असेल तर हट्ट न धरता सर्वांना बाहेर काढून ११२ ला कळवावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. पावडरच्या सिलिंडरचा काटा आजच पाहिला, तो हिरव्या पट्ट्याखाली उतरला आहे. दुसऱ्याला काटाच नाही, त्याची तपासणी कशी करावी?

उत्तर १: वजन करून. अंगावर कोरलेल्या आकड्याशी ते ताडून पाहावे.