शाओमी, झिओमी की श्यावमी? पाटीवर नाव लिहायचं तर कोणाच्या जिभेनं?

गोदाकाठ (नांदेड)
दुकानांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानालाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालत नाही. इतके दिवस जे इंग्रजी स्पेलिंगच्या आड झाकून जायचं ते त्यामुळं उघडं पडलं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तसे Xiaomi या एका चिनी फोन कंपनीच्या नावाला निदान पाच: शाओमी, झिओमी, झायोमी, शिओमी, क्सिओमी.

माझं म्हणणं एवढंच की नाव इंग्रजीच्या दारातून आणू नका, मूळ भाषेतून सरळ देवनागरीत घ्या.

चिनी भाषा रोमन अक्षरांत लिहायची पिनयिन पद्धत १९५८ ची. तिच्यात एक्स हे अक्षर 'झ' किंवा 'क्स'साठी नाही. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागं टेकवा, जिभेचा मधला भाग टाळूकडं उचला, ओठ थोडे फाकवा आणि हवा सोडा. 'शिळा' म्हणताना आपला श जवळपास तिथंच निघतो. पुढचं आय-ए-ओ हे तीन स्वर नाहीत, एकाच झटक्यात 'याव्'. म्हणजे अख्खं नाव दोन ठोक्यांचं: श्याव्-मी. 'शाओमी' लिहिलं की वाचणारा शा-ओ-मी असे तीन ठोके देतो, तिथं चूक होते. पाटीवर 'श्यावमी' लिहा. हलन्ताची गरज नाही. 'पावती' आपण पाव्-ती वाचतो तसंच हे आपोआप वाचलं जातं.

अर्थही आपल्याच रानातला आहे. श्याव म्हणजे लहान, मी म्हणजे कोंडा काढलेला दाणा, दोन्ही मिळून राळा. रेडमी म्हणजे लाल दाणा, फक्त पहिलं अर्धं इंग्रजी केलेलं. चीनमध्ये तो होंगमी.

जालन्याचा पाना (जालना)
कामून एवढा कीस पाडू राहिले भाऊ? विहीर खांदायला, शेततळं करायला जे मशीन येतं त्याला अख्खा मराठवाडा पोकलेन म्हणतो. पोकलेन ही फ्रेंच कंपनी. त्यांच्या तोंडी शेवटचा 'न' नाहीच, 'पॉक्लँ' असं नाकात बोलतात. सांगा आता एखाद्या ऑपरेटरला 'पॉक्लँ घेऊन ये' म्हणून. अन् बांधावर उभं असलेलं मशीन बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं असतं, तरी ते पोकलेनच. नाव ज्याच्या तोंडात रुळलं त्याचं. झिओमी म्हणणाऱ्याला फोन मिळतोच ना?

गोदाकाठ
पोकलेन आता यंत्राचं नाव झालंय, कंपनीचं राहिलं नाही. त्याला मी हात लावणार नाही. श्यावमी अजून कंपनीच आहे. आणि 'झिओमी'ची गंमत बघा. मराठीत झ, ज आणि च दोन तऱ्हेचे. 'झाड'मधला दंत्य, 'झीज'मधला पहिला तालव्य. इ-कारापुढं मराठी जीभ तालव्यच उच्चार करते. म्हणजे मराठी वळणानं 'झिओमी' वाचलं तर ना चिनी श येतो, ना इंग्रजीचा झ. तिसरंच काहीतरी होतं.

शेंद्रा जनरल शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)
गोदाकाठ यांच्या बाजूनं एक मुद्दा. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. चेक भाषेत त्या नावातल्या एसवर उलट्या टोपीसारखी खूण असते, तिचा उच्चार श. म्हणजे मुळात 'श्कोदा', आणि द सुद्धा आपल्या दातातला. इंग्रजी छपाईत खूण गळाली आणि श चा स झाला. द चा ड तर आपणच केला, कारण इंग्रजीतला प्रत्येक टी म्हणजे ट आणि डी म्हणजे ड हे शाळेत डोक्यात बसलेलं असतं. जपानी नावांत तेच होतं. तोयोता, कुबोता, दाइकिन ही सगळी त-द वाली नावं; आपण टोयोटा, कुबोटा, डायकिन करून ठेवली. हिताची तेवढी काही जणांच्या तोंडी नीट राहिली.

सगळ्यात वाईट वाटतं ते 'ऑडी'चं. आउगुस्ट होर्श नावाच्या जर्मन माणसानं स्वतःच्या आडनावाचं, म्हणजे 'ऐक!' या शब्दाचं लॅटिन करून हे नाव घेतलं. जर्मनीत ते औडी. आपल्या बाराखडीत औ आयता बसलेला असताना इंग्रजांसाठी बनवलेला ऑ आपण त्याला लावला! अक्षर असून उपयोग नाही, अशातली गत.

जालन्याचा पाना
शोरूमवाले स्वतः ऑडी म्हणू राहिले, स्कोडा म्हणू राहिले. मालकापेक्षा तुम्ही शहाणे?

मांजराकाठची (लातूर)
पाना, मालकाचं प्रमाण धरायचं तर मालकही एका तोंडानं बोलत नाही. ह्युंदाईचं घ्या. कोरियन उच्चार ह्यन्-दे, अर्थ 'आधुनिक'. अमेरिकेत कंपनीनं 'सन्डे'शी यमक जुळवून 'हन्डे' शिकवलं. ब्रिटनमध्ये २०२३ साली जाहिरात करून 'ह्यन्डे' म्हणा असं सांगितलं. भारतात ह्युंदाई ते ह्युंदाईच. एका कंपनीचे तीन देशांत तीन हुकूम!

पण गोदाकाठ, तुमचा 'मूळ भाषेतून घ्या' हा नियमही शेवटपर्यंत नेऊन बघा. पिनयिनमधला बी हा आपला ब नाही. तो घोष म्हणजे गळ्यातला कंप नसलेला, श्वास न सोडता काढलेला, म्हणजे आपला प. डी म्हणजे त. बायदू या चिनी सर्च कंपनीचं नाव तुमच्या नियमानं 'पाइतू' लिहावं लागेल. ओळखेल कोणी? आणि चिनीतल्या चढउतारांचं काय? श्यावमीतले दोन्ही ठोके तिसऱ्या, म्हणजे खालच्या सुराचे. असे दोन लागोपाठ आले की पहिला बदलून चढता होतो. ते देवनागरीत कुठं दाखवणार? सूर टाकला, प-ब सोडला, मग उरलं त्याला 'मूळ उच्चार' कशाला म्हणायचं?

मूळ तरी किती खोल खणायचं, हाही प्रश्न आहेच. कॅनन कॅमेऱ्याचा १९३४ चा पहिला नमुना 'क्वानॉन' या बौद्ध देवतेच्या नावाचा होता. तीच जपानमध्ये कान्नोन, चीनमध्ये ग्वानयिन, आणि त्याच्याही मागं आपला अवलोकितेश्वर, ज्याचा पद्मपाणी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरून उभा आहे. पुढच्याच वर्षी कंपनीनं मुद्दाम इंग्रजी वळणाचं 'कॅनन' नोंदवलं. आता दुकानावर काय लिहू, अवलोकितेश्वर डिजिटल स्टुडिओ?

गोदाकाठ
ताई, पाइतूवर पकडलंत, मान्य. पण नियम टाकून देण्याऐवजी त्याला पायऱ्या लावतो. पाटीसाठी तीन गोष्टी बघायच्या, याच क्रमानं.

पहिली, ठोके किती. श्यावमी दोन, नोकिया तीन. फिनिशमध्ये जोर कायम पहिल्या ठोक्यावर, नो-वर. मराठी माणूस ते नकळत बरोबर म्हणतो. दुसरी, स्वर. सामसंग म्हणजे तीन तारे. कोरियनमध्ये पहिला स्वर आ, दुसरा अ. आपण 'सॅमसंग' म्हणतो तेव्हा पहिला ठोका इंग्रजीतून आणि दुसरा मुळातून असं खेचर होतं. तिसरी, व्यंजनाची जागा, म्हणजे श की झ, त की ट. इथं थांबायचं. घोष-अघोष आणि सूर सोडून द्यायचे, कारण ते चुकले म्हणून ऐकणारा दुसऱ्याच कंपनीवर जात नाही. बायदू म्हणून बायदूच राहू द्या.

कॅननचा निर्णय कंपनीनं स्वतः घेतला, तो मान्य. श्यावमीनं मात्र स्वतःचं नाव झिओमी कधीच सांगितलं नाही. उलट त्यांचे तेव्हाचे उपाध्यक्ष ह्युगो बारा समजावून सांगायचे की 'शॉवर'मधला 'शॉव' घ्या आणि पुढं 'मी' लावा. (ते ब्राझीलचे. तिथल्या पोर्तुगीजमध्ये त्यांचंच नाव 'ऊगू बाहा' असं काहीतरी होतं, तो आणखी वेगळा धागा.) ही युक्ती आपल्याकडं उलटी पडते. इंग्रजीत तो शब्द 'शाउअर' आहे. आपण नळाला शॉवर म्हणतो, म्हणून कंपनीचा सल्ला ऐकणारा 'शॉमी'वर जाऊन पोचतो.

दखनी कान (छत्रपती संभाजीनगर)
हुआवे या दुसऱ्या चिनी फोन कंपनीकडं कोणी वळलंच नाही. तिथं मराठवाड्याचा माणूस पुण्या-मुंबईच्या पुढं असायला पाहिजे. त्यातला एच हा आपला ह नाही. घशाच्या वरच्या बाजूला घासून येतो, उर्दूतल्या नुक्तावाल्या ख़ सारखा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू. तो ख़ इथल्या कानाला परका नाही. दखनीत तर क़ चाही ख़ होतो, क़लमचा ख़लम. तेव्हा 'ख़्वा-वेइ', दोन ठोके, दोन्ही सूर चढते. व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे नाहीत, ओठ गोल करायचे.

ख़ जमत नसेल तर 'ह्वावे' लिहा, पण तिथं एक खड्डा आहे. मराठी जीभ ह्व ला उलटवते. आह्वानचं आव्हान करते, जिह्वाची जिव्हा. म्हणजे पाटीवर ह्वावे लिहिलं तरी गिऱ्हाईक वाचणार 'व्हावे'. मजा म्हणजे त्या दुसऱ्या अक्षराचा चिनी अर्थ 'करणे', 'होणे' असाच काहीसा आहे. त्यामुळं चुकून का होईना, अर्थ लागतो.

गोदाकाठ
म्हणूनच 'हुआवे' बरं. ठोका एक जास्त होतो, पण व्हावे होत नाही.

मांजराकाठची
बघा, म्हणजे तुमची पहिली पायरी तुम्हीच मोडली. श्यावमीला ठोक्यांसाठी अडून बसलात आणि हुआवेला एक ठोका माफ! मग शाओमीनं काय घोडं मारलंय? वर्तमानपत्रांत तेच रुळलंय, लोक शोधताना तेच टाइप करतात. पाटी हे उच्चाराचं पुस्तक नव्हे. गिऱ्हाइकानं लांबून ओळखावं म्हणून असते ती. लिहा शाओमी, म्हणा श्याव्-मी. संस्कृतातला ऱ्हस्व 'कवि' आपण दीर्घ 'कवी' लिहितोच की.

शेंद्रा जनरल शिफ्ट
ताई, लिहिणं आणि बोलणं फार दिवस वेगळं राहत नाही. लिहिलेलंच शेवटी तोंडात बसतं. बीडला इंग्रज आपल्या कागदात 'भीर' लिहायचे. ते बदलून घेतलंच ना आपण? आपल्या गावाचं नाव नीट लिहा म्हणायचं आणि दुसऱ्याचं कसंही चालतं, हे मला पटत नाही.

जालन्याचा पाना
गाव अन् मोबाइल एका तराजूत घालू राहिले! कामाचं बोला जरा. गिऱ्हाईक डिस्प्ले मागायला आलं अन् 'एमआयचा पाहिजे' म्हणालं, तर उच्चार सुधारत बसू नका. मुळात तो मी. 'एमआय' आपण फोडून म्हणतो, अन् मोठ्या फोनवरून ते नाव कंपनीनं २०२१ पासून काढूनही टाकलं. सेटिंगमध्ये जायचं, 'फोनबद्दल' उघडायचं, मॉडेल नंबर अक्षर-आकड्यांसकट लिहून घ्यायचा. एकाच नोट मालिकेत नुसता, प्रो, फाइव्ह-जी अशी चार मॉडेलं असतात. डिस्प्लेची पट्टी अन् कनेक्टर जुळत नाही. बिघडतं ते तिथं. झिओमी म्हटल्यानं आजवर एक बी डिस्प्ले चुकीचा आला नाही.

अन् एक विचारतो, गोदाकाठ भाऊ. बोर्डात बसवायच्या एमसीबीवर (लोड वाढला की आपोआप पडतो तो स्विच) जे श्नायडर लिहिलेलं असतं, ते कुठल्या मुळातून घेता?

गोदाकाठ
आडनाव जर्मन, अर्थ शिंपी. जर्मन उच्चार श्नायडर. कंपनी फ्रान्सची, १८३६ पासून. फ्रेंच लोक म्हणतात श्नेदेर, शेवटचा र घशातून.

जालन्याचा पाना
मग पाटीवर?

गोदाकाठ
कंपनीचा देश धरला तर श्नेदेर, नावाचा धरला तर श्नायडर. मी श्नायडर लिहीन.

मांजराकाठची
आणि 'स्नायडर' लिहिणाऱ्याला?

गोदाकाठ
त्याला तेवढा श लावायला सांगेन. तो दोन्ही भाषांत आहे.