सिंगल माल्टची तुलनात्मक बैठक : आपापले अनुभव लिहा

एकट्याने प्यायलेली व्हिस्की आवडली किंवा आवडली नाही, एवढेच कळते. तीन-चार सिंगल माल्ट (एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेली व्हिस्की) शेजारी ठेवून मित्रांबरोबर चाखल्या की का आवडली हेही सांगावे लागते. अशा बैठका केलेल्यांनी बाटल्या, क्रम, पाणी आणि विशेषतः मतभेद याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती. बाटल्यांच्या किमतींची यादी कृपया नको.

पुणे
आमच्या गटात क्रमाबाबत एकमत आहे: सौम्य आधी, धुरकट शेवटी. ग्लेनफिडिक १२ (आकडा पिंपात मुरण्याच्या किमान वर्षांचा), मग स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील टॅलिस्कर १० आणि अखेरीस तिथल्याच आयला बेटावरील लाफ्रॉइग १०, अशी मांडणी आम्ही करतो. मोड आणलेले सातू पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या) धुरावर वाळवल्यामुळे लाफ्रॉइगला जो उग्र वास येतो, तो एकदा जिभेवर बसला की त्यानंतर ग्लेनफिडिकमधील नासपतीसारखा गोडवा जवळजवळ लागतच नाही. लाफ्रॉइगवर मात्र गट दरवेळी दुभंगतो. आमच्यातील डॉक्टरांना त्यात आयोडीन जाणवते, तर रत्नागिरीच्या मित्राला सुक्या मासळीची आठवण होते आणि तो दुसऱ्यांदा मागून घेतो.

मडगाव
आम्ही बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून भारतीय आणि स्कॉटिश माल्ट समोरासमोर ठेवतो. कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन आमच्या घराजवळची असल्याने तिच्याविषयी पक्षपात होणारच, म्हणून हा उपाय. बंगळूरुच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट प्रथम ग्लासगो येथे विक्रीस आणली, तेव्हा इतक्या उष्ण प्रदेशात चांगली माल्ट मुरू शकते हे अनेकांना पटत नव्हते. स्कॉटलंडमध्ये पिंपातील मद्य वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. परंतु त्याच उष्णतेमुळे लाकडाचा अर्क लवकर उतरतो. त्यामुळे बाटलीवरील वयाचा आकडा पाहून या दोन देशांची तुलना करणे निरर्थक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण तीव्रतेची, म्हणजे मद्यार्काच्या प्रमाणाची. अमृत फ्यूजन ५० टक्के आणि समोरची स्कॉच ४० टक्के असेल, तर झाकलेल्या बाटल्यांतही जोरकस पेयच बहुधा जिंकते. म्हणून फ्यूजनच्या ३० मिलिलिटरमध्ये साडेसात मिलिलिटर पाणी घालून आम्ही दोन्ही ४० टक्क्यांवर आणतो, आणि मगच गुण देतो. या सुधारणेनंतर आमच्याकडील निकाल बरेच चुरशीचे झाले.

एडिनबरा
वरील पाण्याचा हिशेब टाळण्यासाठी आम्ही मराठी मित्रांनी मुळातच ४० टक्क्यांच्या, स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील दोन माल्ट निवडल्या: ग्लेनलिव्हेट १२ आणि ग्लेनफार्कलस १०. पहिलीत प्रामुख्याने बर्बनच्या (मुख्यतः मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपांचा व्हॅनिलासदृश गोडवा, दुसरीत शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांमुळे मनुका आणि सुकामेवा. अमेरिकेत बर्बनसाठी दरवेळी ओकची नवी, आतून जाळलेली पिंपे वापरण्याचे कायदेशीर बंधन असल्याने एकदा वापरलेली पिंपे इकडे मोठ्या संख्येने येतात, हे कळल्यावर बहुतेक स्कॉचमध्ये तो व्हॅनिला का भेटतो याचा उलगडा झाला. रंगावरून तर्क करू नये, हेही सांगतो. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल मिसळण्यास परवानगी आहे, आणि गडद रंग पाहिला की मंडळी न चाखताच मनुकांविषयी बोलू लागतात. आता आम्ही दिवे मंद करून ओततो.

ठाणे
एका माल्टचे १५ मिलिलिटर पुरे, अन्यथा चौथ्या पेल्याचे मत ग्राह्य धरता येत नाही. मसाला शेंगदाणे व कांदाभजी शेवटच्या फेरीनंतरच. महाराष्ट्रात वयाची २५ वर्षे पूर्ण आणि परवाना जवळ हवा; गाडी चालवणाऱ्याने फक्त वास घ्यावा, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे सर्वांत नेमके वर्णन बहुधा तोच करतो.

नागपूर
आमचा वाद पाण्याचाच. एक मित्र थेंबभर पाण्यालाही भेसळ मानतो. स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाद्वारे दाखवले, की मद्यार्क ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असताना धुरकट वास देणारे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहते आणि ५९ टक्क्यांच्या वर ते आत दडते. म्हणजे पिंपातील मूळ तीव्रतेच्या (पाणी न मिसळता बाटलीत भरलेल्या) माल्टमध्ये पाणी घालण्यास निश्चित आधार आहे; मुळातच ४० टक्क्यांच्या माल्टमध्ये मात्र मित्राचे ऐकण्यास हरकत नाही. शिवाय आमच्याकडील मे महिन्यात खोलीच्या तापमानाची माल्ट नाकाला केवळ झोंबते, तेव्हा बर्फाने चव बोथट करण्यापेक्षा बाटल्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतो, आणि गंभीर तुलना डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवतो.