मानेला मालीश करणारं कोणी माहितीत आहे का?

(गोव्यात पर्वरीतल्या एका सोसायटीचा ग्रुप)

संदेश, बी-३०२: नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात सिग्नलला उभा असताना मागून गाडीला ठोकर बसली, तेव्हापासून मान धरलीय. डाव्या खांद्यापर्यंत ओढ लागते, मागे वळून बघता येत नाही. घरी येऊन मालीश करणारं कोणी असेल तर नंबर पाठवा.

रमाकांत काका, ए-१०१: म्हापशाला एक हाडं बसवणारा आहे. एका झटक्यात मान मोकळी करतो. शुक्रवारी बाजाराला जातोच आहे, येतोस तर चल.

सुषमाताई, सी-२०४: काका, झटका नको हो! २०२४ मध्ये बळ्ळारीच्या एका तरुणाची बातमी आली होती, आठवते? सलूनमध्ये डोक्याची मालीश करताना मान झटक्याने वळवून मोडली, मानेतली रक्तवाहिनी फाटली आणि पक्षाघात झाला.

रमाकांत काका: आमचा न्हावी गेली कित्येक वर्षं कटाकट मोडतो. अजून जिवंत आहे मी.

अनघा, ए-२०१ (फिजिओ): संदेशदादा, हातात मुंग्या, बोटं बधिर, पकड सैल, चक्कर, असह्य डोकेदुखी असं काही? एक्स-रे काढला का?

संदेश: यातलं काही नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलात दाखवलं, एक्स-रेत हाड ठीक आहे म्हणाले. मानेचा पट्टा मात्र मीच फार्मसीतून आणला, दिवसभर लावतोय.

सेक्रेटरी: टँकर येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा.

संदेश: माझी कोणीतरी काढा प्लीज, चावी वॉचमनकडे देतो.

अनघा: आधी तो पट्टा सोडा. दिवसभर लावला की मान आणखी आखडते. आता मालीशचं सांगते, जरा लांबेल. मागून ठोकर बसली की धड पुढे ढकललं जातं, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मग झटक्याने पुढे येतं. आम्ही याला व्हिपलॅश म्हणतो. मानेचे ७ मणके शाबूत असले तरी भोवतीचे स्नायू आणि अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) ताणलेले असतात, ते एक्स-रेत दिसत नाहीत. दुखऱ्या जागेला जपायला म्हणून स्नायू आवळून बसतात आणि पुढे तो आवळलेपणाच जास्त छळतो. मालीश उपयोगी पडते ती इथे.

तुमची ओढ मानेपासून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाते ना? तिथे अंगठा टेकवून बघा, सुपारीएवढी कडक गाठ लागेल. त्या गाठीवर सावकाश दाब द्यायचा, सैल पडेपर्यंत थांबायचं, मग कवटीच्या खालच्या कडेकडे सरकायचं. श्वास रोखून धरावा लागला तर दाब जास्त झाला. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे कुणालाही हात लावू देऊ नका. मान मोडणं तर नाहीच.

पण मालीशने ताणलेलं सांधत नाही. दुखणं काही वेळ उतरतं, आणि तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा: हनुवटी आत ओढणं, सोसेल तेवढंच दोन्ही खांद्यांवरून मागे बघणं. नुसतं पडून मालीश घेतलीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत बरं वाटतं. मुंग्या सुरू झाल्या तर मात्र मालीश बंद, थेट डॉक्टर.

सुषमाताई: तेल कोणतं गो? नारळाचं की महानारायण?

अनघा: कोणतंही चालेल ताई, हात घसरला की झालं.

सुषमाताई: मग नारळाचंच बरं. महानारायण लावलं की लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत वास घमघमतो.

निखिल, सी-४०१: कळंगुटला दर चार पावलांवर मसाजवाला आहे की. 😄

अनघा: अंग थकलंय तर जा खुशाल. अपघातानंतरच्या मानेला बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेला माणूस बघा. संदेशदादा, ओळखीच्या फिजिओचा नंबर वैयक्तिक पाठवते, घरी येतात.

संदेश: थँक्स अनघा. पट्टा काढला. डोकं जड वाटतंय, पण बघतो.

रमाकांत काका: अनघा, माझी पण डावी बाजू वळताना दुखते. संदेशचं झालं की माझ्याकडे पाठव त्यांना.

अनघा: काका, तुमची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे ना? दाबून मालीश केली तर अंगावर काळे-निळे डाग पडतील. तुमच्या वयात हाडंही ठिसूळ असू शकतात. आधी डॉक्टरांना विचारा. आणि शुक्रवारी म्हापशाला नको.

रमाकांत काका: म्हापशाला जाणार. हरमलची मिरची संपलीय घरातली.