मागच्या भूखंडावरील प्रकल्प आणि आवाजाची आधीची मोजणी

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या मागच्या कुंपणभिंतीला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडावर खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर मंगल कार्यालय, वर सदनिका आणि दोन तळघरे असा प्रकल्प प्रस्तावित आहे. त्याच्या आवाजाबाबत सोसायटीने लेखी म्हणणे द्यावे का, यावर मते हवी आहेत. कृपया विषय सोडून संदेश टाकू नयेत.

ए-१०३ : आम्ही विजापूर रोडच्या बाजूला राहतो आणि ट्रक-एस्टीचा आवाज रात्रंदिवस ऐकतो. त्यात आणखी थोडी भर पडली तर असा कोणता फरक पडणार आहे? उलट दुकाने जवळ आली तर सोयच होईल.

सी-३०१ (निवृत्त अभियंता) : ए-१०३, तुमच्यापुरते तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि नेमकी तिथेच सोसायटीची फसगत होईल. डेसिबलची साधी बेरीज होत नाही. ५० आणि ५० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले तर १०० नव्हे, ५३ होतात. मात्र ६० मध्ये ५० मिसळले तर बेरीज जेमतेम ६०.४ भरते. म्हणजे रस्त्याच्या गोंगाटात नवा आवाज बुडून जाईल, पण सी विंगच्या मागच्या शयनगृहांत, जिथे आज रात्री पाल चुकचुकलेली ऐकू येते, तिथे तोच आवाज ठळकपणे जाणवेल. बिल्डरच्या सल्लागाराने आवाज मोजण्याचे यंत्र रस्त्याकडेला ठेवून ‘परिसर मुळातच गोंगाटाचा आहे’ असे लिहिले, तर आपले म्हणणे तिथेच संपले. म्हणून मोजणी मागच्या बाजूला, रात्री आणि काम सुरू होण्याआधी व्हायला हवी. खोदाई सुरू झाल्यावर आधीच्या शांततेचा पुरावा कुठून आणणार?

बी-२०४ : सर, कायद्याने मर्यादा किती आहे?

सी-३०१ : ताई, ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ अशी मर्यादा आहे. सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस, उरलेली रात्र. त्या नियमांत ‘मिश्र वापर’ असा स्वतंत्र वर्गच नाही. असे क्षेत्र औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र या चारांपैकी कोणत्या वर्गात धरायचे हे सक्षम प्राधिकरण ठरवते. तेव्हा सल्लागाराच्या अहवालात आपला परिसर निवासी धरला आहे की व्यापारी, हे सर्वांत आधी विचारावे. त्या एका शब्दात १० डेसिबलचा फरक आहे. शिवाय या मर्यादा सरासरीच्या आहेत. पहाटे पाचला दुकानाचे शटर धाडकन वर गेले तर झोप मोडते, पण सरासरी फारशी हलत नाही.

ए-१०३ : जनरेटर तर हल्ली बंद पेटीत असतात ना?

सी-३०१ : असतात, आणि १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादाही आहे. पण हिशेब करून पाहा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की लहान उगमाचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरला ७५, तर १६ मीटरला ५१. यंत्र नियमात, पण रात्री आपल्या खिडकीशी ४५ च्या वर! मोठ्या यंत्राजवळ आवाज यापेक्षा सावकाश उतरतो आणि समोरच्या भिंतीवरून परततो तो वेगळाच. त्यामुळे जनरेटर, तळघराचे एक्झॉस्ट पंखे, गच्चीवरचे वातानुकूलन संच आणि माल उतरवण्याची जागा यांपैकी काय कुठे बसणार आहे ते नकाशावर मागावे. नकाशा मंजूर होण्याआधी जागा बदलणे सोपे असते. पुढे आवाज अडवायला पडदे आणि पत्रेच लावत बसावे लागते.

बी-२०४ : आणि बांधकामाचे काय? इथे दोन-चार फुटांखाली काळा पाषाण लागतो. शेजारच्या गल्लीत एका तळघरासाठी खडक फोडणारा ब्रेकर चालला होता तेव्हा माझ्या सासूबाई दुपारभर कानात कापूस घालून बसत होत्या.

सी-३०१ : रास्त मुद्दा आहे. दोन तळघरे म्हणजे दुप्पट खडक फोडणे. ब्रेकरच्या वेळा लेखी ठरवून घ्याव्यात. त्याचबरोबर उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हामुळे स्लॅबचे काँक्रीट रात्री ओतण्याकडे कल असतो. मिक्सर, पंप आणि व्हायब्रेटर नेमके त्याच महिन्यांत चालतात, ज्या महिन्यांत आपण खिडक्या उघड्या टाकून किंवा गच्चीवर झोपतो. बंद काचेमागची शांतता गृहीत धरलेला अहवाल आपल्याला लागू पडत नाही, हे स्पष्ट लिहावे.

सचिव : जनसुनावणीत हे मांडता येईल का?

सी-३०१ : केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. बोलावणे येईल म्हणून वाट पाहू नये. क्षेत्रफळ तेवढे असेल तर राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला, आणि कसेही असले तरी महापालिकेच्या नगररचना विभागाला आपणच पत्र द्यावे. मंगल कार्यालयाचे दार आणि डीजेची जागा आपल्या बाजूला नसावी, ही मागणी मी पहिल्या क्रमांकावर ठेवेन. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे हे खरे, पण वरात काही घड्याळ पाहून निघत नाही.

ए-१०३ : सर, पटले. मोजणीच्या खर्चाला माझी हरकत नाही. मोबाइलच्या ॲपवर भागणार नाही का?

सी-३०१ : ॲप अंदाजापुरते ठीक आहे, पत्रासोबत जोडायला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) केलेल्या यंत्राचा अहवालच लागेल. एक कामाचा वार आणि एक रविवार, दोन्ही रात्री पूर्ण घ्याव्यात. लग्नतिथी नसलेल्या रात्री कॅलेंडर पाहून निवडाव्यात, नाहीतर आजूबाजूच्या वाजंत्रीचीच नोंद होईल. यंत्र सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील मागच्या बाल्कनीत हवे. माझी सदनिका त्या बाजूला नाही.

सी-३०४ : आमची बाल्कनी वापरावी, हरकत नाही.

सी-३०१ : आभारी आहे, काकू. मात्र त्या रात्री तुमचा आणि शेजारच्यांचा कूलर बंद ठेवावा लागेल.

सी-३०४ : एक रात्र जमेल. मे महिन्यात दोन रात्री सांगत असाल, तर आधी शेजारच्यांची परवानगी तुम्हीच काढा.