काळा रॅपर म्हणजे कडक सिगार असं नाही
रॅपर, म्हणजे सिगारवर बाहेरून गुंडाळलेलं पान, जितका काळा तितका सिगार कडक असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मादुरो या गडद रॅपरचं पान काळं होतं ते जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे, आणि त्यानं चव उलट गोडसर होते, कोको-कॉफीकडे झुकते. कडकपणा मुख्यतः आतल्या पानांचा, झाडाच्या शेंड्याकडची लिगेरो पानं किती भरलीत त्यावर. मागच्या थंडीत सहकारनगरला मित्राच्या गच्चीवर दोन्ही ओढून बघितले, फिकट रॅपरचा कनेक्टिकट शेड आणि तेलकट चमकणारा मादुरो, मादुरोचं टोक जिभेला चक्क काकवीसारखं लागलं आणि डोकं गरगरलं ते फिकटवाल्यानं! हिरवा कँडेला रॅपर वेगळाच, तो झटपट उष्णतेवर वाळवतात म्हणून हरितद्रव्य टिकतं, चवीला गवताळ लागतो.