ग्राहक पीएफच्या भरण्याचा पुरावा मागतात. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याने काय द्यावे?

नक्षीकार, सोलापूर

नमस्कार. मी टॉवेल आणि चादरींसाठी जॅकार्ड मागावर चढवायच्या नक्षीच्या फाइली तयार करून देतो. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील कारखानदारांची कामे नेहमीची आहेत. त्यांनी आजवर बिल आणि पॅन याखेरीज काही मागितले नाही. मात्र पुण्यातील एका मोठ्या कंपनीने माझे बिल अडवून ठेवले असून, मागील महिन्याचे पीएफ आणि ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) चलन, म्हणजे भरण्याची पावती, जोडल्याशिवाय पैसे सोडता येणार नाहीत असे कळवले आहे. त्याच सुमारास फ्रान्समधील एका खरेदीदारानेही, मी माझ्या देशात सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरतो याचे सरकारी प्रमाणपत्र मागितले आहे. माझ्याकडे पगारी माणूस एकही नाही. जी वर्गणी भरण्याची मला कायद्याने वाटच नाही, तिचा पुरावा कोठून आणायचा? ओळखीतल्या एकाने सुचवले की, दुसऱ्या एखाद्या आस्थापनेच्या पीएफ कोडखाली आपले नाव दाखवून चलन मिळवता येते. हा मार्ग मनाला पटत नाही, परंतु अडकलेली रक्कम लहान नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

करसल्लागार, नवी पेठ

त्या शेवटच्या सूचनेविषयी आधी लिहितो. जेथे आपण कामाला नाही, तेथील पगारपत्रकावर आपले नाव चढवणे ही खोटी नोंद आहे, आणि ती उघड व्हायला वेळ लागत नाही. आपल्या बिलांवर ग्राहक व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापतो व ते आयकर खात्याच्या २६एएस या विवरणात दिसते. तीच व्यक्ती त्याच महिन्यांत अन्यत्र पगारदार दिसू लागली, तर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. कृपया त्या वाटेला जाऊ नये.

आता मूळ प्रश्न. पीएफची सक्ती सर्वसाधारणपणे २० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आणि ईएसआयची १० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला आहे, आणि दोन्हींचा पाया मालक व कामगार हे नाते आहे. पीएफमध्ये कामगार व मालक प्रत्येकी १२ टक्के भरतात, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा दोन वेगळे पक्ष गृहीत धरलेले असतात. एकट्याने व्यवसाय करणारा स्वतःचाच मालक होऊन स्वतःच्या नावाने पीएफचे चलन भरू शकत नाही.

मग कंपनी ते का मागते? कंत्राटदाराने आणलेल्या माणसांची वर्गणी थकली, तर ती मुख्य मालकाकडून, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडून, वसूल होऊ शकते. हे तत्त्व १९५२ च्या पीएफ कायद्यात आणि १९४८ च्या ईएसआय कायद्यातही होते. त्यामुळे कंपन्यांनी सुरक्षारक्षक पुरवणारे, उपाहारगृह चालवणारे, सफाईचे कंत्राट घेणारे या सर्वांसाठी एक छापील यादी केली आणि तीच यादी नक्षी काढून देणाऱ्यालाही लावली. कंपनीची काळजी रास्त आहे, पण ती आपल्याला लागू होत नाही, एवढे त्यांच्या लेखा विभागाला लेखी पटवावे लागते.

त्यासाठी लेटरहेडवर स्वयंघोषणापत्र द्यावे: मी एकल मालकीचा व्यवसाय करतो, माझ्याकडे कामगार नाहीत, या कामासाठी आपल्या आवारात मी कोणालाही पाठवलेले नाही, म्हणून पीएफ व ईएसआयची नोंदणी मला लागू नाही. सोबत पॅन, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि व्यवसाय कराचे प्रमाणपत्र जोडावे. व्यवसाय कर ही सामाजिक सुरक्षेची वर्गणी नव्हे, हे मात्र लक्षात असू द्यावे. तो राज्याचा कर आहे आणि त्याच्या पावतीला पीएफचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

अनुवादिका, होटगी रस्ता

फ्रान्सच्या बाजूविषयी मी सांगू शकते, कारण तेथील ग्राहकांची कामे मी नियमित करते. त्या देशात ५,००० युरो किंवा अधिक रकमेचा सेवाकरार असेल, तर ग्राहकाने करार करताना आणि नंतर काम संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी, समोरचा व्यावसायिक आपल्या सामाजिक वर्गण्या नियमित भरतो याची खात्री करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथील व्यावसायिकाला उर्साफ ही वर्गणी गोळा करणारी संस्था तसे प्रमाणपत्र देते, त्यावर सुरक्षा क्रमांक असतो, आणि ग्राहक त्याची सत्यता संस्थेच्या संकेतस्थळावर तपासतो. त्याने ही खबरदारी घेतली नाही आणि समोरच्याने बेकायदा, अघोषित काम केल्याचे निघाले, तर थकबाकीचा भार ग्राहकावर पडू शकतो. म्हणून त्या गृहस्थांची मागणी अविश्वासातून आलेली नाही, हे मनात ठेवून पत्र लिहावे.

परदेशातील व्यावसायिकासाठी तेथील नियमांत वेगळी यादी आहे. त्याच्या देशाच्या कायद्यात असे प्रमाणपत्र देण्याची तरतूद असेल, तर ते द्यावे, अशा अर्थाची अट तीत आहे. आपल्याकडे एकट्या स्वयंरोजगारी माणसाला असे प्रमाणपत्र देणारी व्यवस्था नाही, आणि नेमके हेच त्यांना फ्रेंचमध्ये, शांतपणे, कळवायचे असते. भारत व फ्रान्स यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू आहे. त्याखाली पीएफ चालवणारी सरकारी संघटना जे प्रमाणपत्र देते, ते भारतातील मालकाने तेथे कामासाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला उपयोगी पडते. आपण सोलापुरात बसून फाइल पाठवता, त्यामुळे ते मागायचा प्रश्न येत नाही. काम पूर्णपणे भारतात होते आणि फ्रान्समध्ये कोणी येणार नाही, हे वाक्य करारातही घालून घ्यावे.

विडी कामगार संघटनेचा कार्यकर्ता

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. तरी एक बाजू राहते, आणि सोलापुरात ती राहून चालणार नाही. आपल्या शहरात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. त्या कारखान्यात येत नाहीत, त्यांच्यावर कोणी मुकादम उभा नसतो, म्हणून त्या कामगारच नव्हेत, असा युक्तिवाद मालकांनी वर्षानुवर्षे केला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. माल नाकारण्याचा अधिकार मालकाच्या हातात असतो आणि तेवढे नियंत्रणही पुरेसे ठरू शकते, असे सांगून न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना पीएफ कायद्याच्या कक्षेत मानले.

याचा अर्थ प्रत्येक नक्षीकार कामगार ठरतो असा नाही. आपली यंत्रसामग्री आपली आहे, ग्राहक अनेक आहेत, दर आपण ठरवता. तेव्हा आपण व्यावसायिकच. पण ज्या तरुणांचा एकच ग्राहक आहे, वेळ ग्राहक ठरवतो, रजाही त्यालाच विचारावी लागते, त्यांच्याकडून जर कोणी स्वतःच्या वर्गणीचा पुरावा मागत असेल, तर ती वर्गणी भरण्याची जबाबदारी मुळात मागणाऱ्याचीच असण्याची शक्यता आहे. अशा मुलांनी 'मी स्वतंत्र व्यावसायिक आहे' या घोषणापत्रावर घाईने सही करू नये, कारण उद्या हक्क मागायला गेल्यावर तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला जाईल.

नक्षीकार, सोलापूर

तिघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट विचारायची राहिली. दिवाळीपूर्वीच्या हंगामात माझा भाचा आणि त्याचा एक मित्र मदतीला येतात. त्यांना मी कामानुसार पैसे देतो. तरीही 'माझ्याकडे कामगार नाहीत' असे लिहिणे खरे ठरेल का? शिवाय कंपनीने पाठवलेल्या मसुद्यात, भविष्यात कोणतीही वर्गणी, व्याज किंवा दंड निघाल्यास तो सर्व मी भरून देईन, असे एक कलम आहे.

करसल्लागार, नवी पेठ

तसे लिहू नये. 'कायम कामगार नाहीत, हंगामात दोन व्यक्तींची मदत माझ्या स्वतःच्या जागेत घेतली जाते, आस्थापनेतील एकूण संख्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा कमी आहे' असे जे आहे ते लिहावे. ती दोन मुले उद्या कंपनीच्या कारखान्यात बसून फाइली दुरुस्त करू लागली, तर चित्र बदलते. कंत्राटदारामार्फत आस्थापनेच्या कामात गुंतलेला माणूसही पीएफसाठीच्या कामगाराच्या व्याख्येत येतो आणि मग कंपनीचे मागणे रास्त ठरते.

ते कलम आहे तसे मान्य करू नका. 'मी कामावर ठेवलेल्या व्यक्तींच्या बाबतीत माझ्या चुकीमुळे निघालेली वर्गणी' एवढीच जबाबदारी घ्यावी आणि तिला त्या कामाच्या बिलाच्या रकमेची कमाल मर्यादा घालून मागावी. मसुदा दुरुस्त करून, घोषणापत्रासह, ईमेलने लेखा विभाग आणि ज्यांनी काम दिले ते खरेदी विभागातील अधिकारी या दोघांनाही एकाच वेळी पाठवावा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर २००६ च्या एमएसएमई कायद्याने बंधनकारक आहे, हे त्याच ईमेलमध्ये एका ओळीत नमूद करावे.