अफगाणिस्तानच्या मॅच बघते पण नियम डोक्यावरून जातात, कुणी नीट सांगेल का?

कृष्णाकाठची (सांगली)
नमस्कार मंडळी. २०२३ च्या वर्ल्डकपला दिरांनी गहुंजेची तिकिटं काढली होती, अफगाणिस्तान-श्रीलंका, तेव्हा मी पहिल्यांदा क्रिकेट मन लावून बघितलं. अफगाणिस्तान सात विकेटनी जिंकलं, आणि आपलेच लोक त्यांच्यासाठी घसा फोडून ओरडत होते. तेव्हापासून मी त्यांची मॅच शक्यतो चुकवत नाही. पण अडतं कुठं बघा. त्याच वर्ल्डकपला वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सवेलला पायचीत आउट दिलं आणि मग परत नॉट आउट, ते कसं? नंतर त्याला धड उभंही राहता येत नव्हतं, मग रनर (त्याच्या जागी पळणारा) का नाही दिला, आमच्या इथं ग्राउंडवर तर पोरं रनर घेतात. आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपची बांगलादेशबरोबरची मॅच, सकाळी सहाला उठून बघितली, पाऊस आला की कोण पुढं कोण मागं हे कशावरून ठरतं? घरात विचारलं तर म्हणतात बघत राहा, आपोआप कळेल. मला आपोआप नको, नीट समजून घ्यायचंय.

मिरजेचा लेगस्पिनर
ताई, पायचीतसाठी तीन गोष्टी लागतात. बॉलचा टप्पा लेग स्टंपच्या (बॅट्समनच्या पायांकडचा स्टंप) बाहेर पडलेला नको, तिथं टप्पा असला की पुढचं काही बघायचंच नाही, नॉट आउट. दुसरं, बॉल पायाला लागला ती जागा स्टंपच्या रेषेत पाहिजे, फक्त बॅट्समनने खेळायचा प्रयत्नच केला नसेल तर ऑफ स्टंपच्या (पलीकडच्या बाजूचा) बाहेर लागला तरी चालतो. तिसरं, पाय मधे नसता तर बॉल स्टंपवर गेला असता का. मॅक्सवेल तिसऱ्यावर वाचला. नूर अहमदचा बॉल होता, अंपायरने बोट वर केलं, त्याने रिव्ह्यू घेतला, म्हणजे टीव्हीवर तपासायला सांगितलं, आणि बॉल स्टंपच्या वरून जातोय असं दिसलं. बॉल नुसता कडेला घासून जाताना दिसला तर अंपायरने जे दिलं तेच राहतं, त्याला अंपायर्स कॉल म्हणतात, पण इथं स्टंपला लागतच नव्हता म्हणून निर्णय फिरला. खरा घाव नंतर बसला, ३३ वर असताना मुजीबकडून त्याचा सोपा कॅच सुटला आणि २९२ चा पाठलाग करताना ७ बाद ९१ वरनं त्याने नाबाद २०१ करून मॅच काढली. मला अजून ती मॅच आठवली की वाईट वाटतं.

रनरचं म्हणाल तर तुमच्या ग्राउंडवरची पोरं बरोबर आहेत. क्रिकेटच्या मूळ नियमांत जखमी बॅट्समनला रनर आजही मिळतो. आयसीसीने (क्रिकेटची जागतिक संघटना) २०११ पासून इंटरनॅशनलमधून तो काढून टाकला, म्हणून मॅक्सवेल एका जागी उभा राहून मारत होता.

कराडकर
पावसाचं मी सांगतो. डकवर्थ-लुईस-स्टर्न नावाची हिशोबाची पद्धत आहे, त्यात टीमकडं दोन प्रकारची शिल्लक धरतात, उरलेल्या ओव्हर आणि हातातल्या विकेट. म्हणून नुसता रनरेट बघून चालत नाही, विकेट पडली की त्याच ओव्हरला तुमच्याकडं जास्त रन असायला लागतात. त्या दिवशी बांगलादेश ११.४ ओव्हरला ७ बाद ८१ होतं, म्हणजे दोन रन मागं, तिथंच मॅच संपली असती तर अफगाणिस्तान जिंकलं असतं. म्हणूनच अफगाणिस्तानचे कोच ट्रॉट बाहेरून हळू घ्या अशी खूण करत होते आणि स्लिपमधला गुलबदीन पाय धरून खाली बसला. मला ते पटलं नाही, मुद्दाम वेळ काढल्यावर अंपायर आधी ताकीद आणि मग पाच रनांचा दंड देऊ शकतो. पण शेवटी नवीन-उल-हक आणि राशिद खान दोघांनी चार-चार विकेट काढून खरीखुरी जिंकली ती मॅच, आठ रननी, आणि सेमीफायनलला गेले.

आता नियम समजून घेणं का महत्त्वाचं ते बघा. सप्टेंबर २०२३, एशिया कप, लाहोर. श्रीलंकेच्या २९१ ला पुढच्या फेरीसाठी अफगाणिस्तानला ३७.१ ओव्हरमध्ये २९२ करायचे होते. त्या बॉलवर तीन रन हवे होते आणि मुजीब कॅच आउट झाला. सगळ्यांना वाटलं संपलं. पण नेट रनरेट (आपला ओव्हरमागचा रनवेग वजा समोरच्यांचा) नुसता जिंकल्यावर थांबत नाही, स्कोअर २९१ ला बरोबरीत आणून सिक्स मारला असता तर ३८.१ पर्यंतही चाललं असतं! हे त्यांच्या ड्रेसिंग रूमलाच माहीत नव्हतं. शेवटच्या फारुकीने दोन बॉल शांतपणे अडवले, एक रन काढून राशिदला स्ट्राइक (पुढचा बॉल खेळायची पाळी) द्यायचा प्रयत्नही नाही, राशिद समोर २७ वर नाबाद उभा, आणि चौथ्या बॉलला फारुकी पायचीत. दोन रननी हरले. नंतर ट्रॉट म्हणाले की हे गणित त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यामुळं ताई, तुम्ही विचारताय ते अगदी योग्य विचारताय.

जुना_विश्रामबाग
अफगाणिस्तानला लिंबूटिंबू म्हणणाऱ्यांना मी एकच सांगतो. आपण पहिली टेस्ट १९३२ ला लॉर्ड्सवर खेळलो आणि पहिली जिंकलो १९५२ मध्ये, मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, आपली पंचविसावी टेस्ट होती ती. कॅप्टन विजय हजारे, जन्म आपल्या सांगलीतला. वीस वर्षं लोक आपल्यालाही असंच म्हणत असणार. अफगाणिस्तान २०१८ ला बंगळूरमध्ये आपल्याकडून पहिली टेस्ट दोन दिवसांत हरलं आणि दुसरीच टेस्ट, डेहराडूनला आयर्लंडविरुद्ध, जिंकलं. स्वतःच्या देशात मॅच भरवता येत नाही, तरी. टेस्टपण बघा ताई, नुसतं वीस ओव्हरवर थांबू नका.

माधवनगर_एक्सप्रेस
मीपण राशिदची फॅन. पण एक गोष्ट सोडता येत नाही. २०२० ला त्यांच्या बोर्डाने २५ मुलींना करार दिले होते, २०२१ ला तालिबान आल्यावर त्यातल्या बहुतेकींना देश सोडून ऑस्ट्रेलियाला जावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला त्या सगळ्या एकत्र एक मॅच खेळल्या, पण देशाची टीम म्हणून त्यांना अजून कुणी मानत नाही. आपल्या सांगलीत स्मृती मानधना घडली, तिच्याकडं बघून आज किती पोरी बॅट घेऊन ग्राउंडवर येतात, म्हणून हे जास्त लागतं. पुरुषांच्या टीमला चिअर करा, मीपण करते, त्या मुलींची नावंही शोधून वाचा.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या मुलींबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, आजच वाचते. लाहोरचं वाचून जीव हळहळला हो. अजून एक, स्कोअरबुक लिहायला शिकले तर हे सगळं लवकर कळेल का?

मिरजेचा लेगस्पिनर
नक्की कळेल, तोच सरळ रस्ता. दुकानात छापील स्कोअरबुक मिळतं, नाहीतर साधी वही चालते. रन नाही झाला की टिंब, विकेटला डब्ल्यू. सहा टिंबं पडली की जोडून एम करायचा, ती मेडन, म्हणजे एकही रन न दिलेली ओव्हर. वाइड आणि नो बॉल सहामध्ये मोजायचे नाहीत, सुरुवातीला इथंच गोंधळ होतो, त्यामुळं पहिल्यांदा टेनिस बॉलची आठ ओव्हरची मॅच धरा. आमच्या मिरजेत रविवारी सकाळी असतात, दिरांना घेऊन या, स्कोअररच्या शेजारी खुर्ची ठेवतो.